सहास चार, आठास पाच

सातपूरच्या त्या कारखान्यात बाईंना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा आत जात नसे. मी वाढवून सांगत नाही. पाण्याचा टँकर गेटवर आला की बाई चपला फटफट वाजवत प्रयोगशाळेतून बाहेर यायच्या, काचेच्या नळीत घोटभर पाणी घ्यायच्या, नळी उजेडाकडे धरायच्या आणि टँकरवाल्याला विचारायच्या, "किती आहे?" तो बिचारा म्हणायचा, दहा हजार लिटर. बाई म्हणायच्या, ते नाही, हायड्रोजन किती आणि ऑक्सिजन किती? नवा माणूस असला तर घाबरून मालकाला फोन लावायचा. जुना असला तर "दोनास एक, मॅडम" म्हणून मोकळा व्हायचा, आणि बाई खूश होऊन गेट उघडायला सांगायच्या. पाण्याची खरी तपासणी नंतर आत व्हायची, ती अगदी काटेकोर. हा प्रश्न म्हणजे त्यांचा रामराम होता.

टोमॅटोचा आणि द्राक्षांचा गर काढून तो मोठाल्या पिशव्यांत भरायचा, असा तो कारखाना. गर भरण्याआधी पिशव्यांतले जंतू मारायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. ते मी पुरवत होतो. बाई तिथल्या प्रयोगशाळेच्या मुख्य होत्या. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना आवडणार नाही म्हणून नव्हे. त्यांना न आवडणारी गोष्ट करायला मला आनंदच वाटतो. पण नाव लिहिलं तर त्या या लेखातले आकडे तपासायला मागतील आणि लेख परत पाठवतील.

बाई उंच, हाडकुळ्या. अंगात पांढरा कोट, पण तो पांढरा होता हे त्यांनी सांगितलं म्हणून मानायचं. बोटांची टोकं पोटॅशियम परमँगनेटने कायमची तपकिरी झालेली. चष्म्याची दोरी तुटली तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेतली बारीक रबरी नळी बांधली आणि निवृत्तीपर्यंत तीच वापरली. मूळच्या नामपूरकडच्या. एरवी पुण्याच्या प्राध्यापकासारखं बोलायच्या, पण डोकं फिरलं की अहिराणी सुरू व्हायची. "काय करी राहिना तू?" एवढं ऐकू आलं की प्रयोगशाळेतली पोरं हातातली नळी खाली ठेवून उभी राहायची.

जगातल्या प्रत्येक वस्तूची ओळख त्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या प्रमाणावरून करून द्यायच्या. पाणी दोनास एक. गंधकाचं तेजाब, म्हणजे गाडीच्या बॅटरीतलं ॲसिड, एकास दोन. दारूतला अल्कोहोल सहास एक. "हायड्रोजन फार, ऑक्सिजन नावाला. म्हणून पिणारा हवेत जातो," हे त्यांचं दारूबंदीवरचं संपूर्ण मत. नायट्रिक ॲसिड एकास तीन, उघडलं की धूर. मला त्यांनी दुसऱ्याच भेटीत नायट्रिक ठरवून टाकलं. मी म्हटलं, मॅडम, माझ्या तोंडातून धूर येत नाही, मी विडीसुद्धा ओढत नाही. त्या म्हणाल्या, तू बोलायला लागलास की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तेवढं पुरे.

हिशेबखात्यातला एक कारकून आणि पॅकिंगची एक सुपरवायझर लग्न ठरवून पेढे घेऊन बाईंकडे आले, त्याची गोष्ट कारखान्यात अजून सांगतात. बाईंनी पेढा खाल्ला, दोघांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघंही एकास तीन आहात. घर घ्याल ते तळमजल्यावर घ्या. वस्तू बाहेर फेकल्या तर फुटणार नाहीत." त्यांनी खरंच तळमजल्यावर घर घेतलं. संसार बरा चाललाय, पण अंगणात एक कुकर पडलेला मी स्वतः पाहिलाय.

नवा माणूस प्रयोगशाळेत आला की बाई त्याच्यासमोर तीन वाट्या ठेवायच्या. एकीत पाणी, एकीत साखर, एकीत व्हिनेगरमधलं ॲसिड पातळ करून. मग सांगायच्या, तिन्हींत हायड्रोजन दोन तर ऑक्सिजन एक. प्रमाण तेच. मग फरक कशात आहे ते सांग. शिकलेली पोरं कार्बनची साखळी वगैरे काहीतरी पुटपुटायची. बाई म्हणायच्या, चाखून बघ, गाढवा. "प्रमाण कळलं म्हणजे माणूस कळला असं नाही. प्रमाण तिथे कसं आलं, तेही विचारावं लागतं." हे वाक्य मी तेव्हा एका कानाने ऐकलं. मला वाटलं, पगारी माणसाला असली वाक्यं सुचतात. माझ्यासमोरही त्यांनी वाट्या मांडल्या होत्या. मी म्हटलं, फरक भावात आहे. त्या हसल्या. त्यांना माझ्यामुळे हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं, पुढे एक प्रसंग सोडला तर.

आता माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे भांडण कशावरून होतं ते कळेल. मी चांदवड तालुक्यातला. बारावी सायन्सला केमिस्ट्रीतच नापास झालो. सायकलवर फिनेल आणि संडास धुवायचं ॲसिड विकण्यापासून सुरुवात केली. आज अंबडला माझं गोदाम आहे, त्यावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि ती पाटी लिहिणाऱ्या पेंटरशीही मी अक्षरामागे भाव केला होता. भाव करणं हा माझा धंदा नाही, तो माझा स्वभाव आहे. समोरच्याने पहिल्या फटक्यात हो म्हटलं तर मला रात्रभर वाटतं की फसलो.

आणि बाई भाव करायच्याच नाहीत. हाच त्यांचा माझ्यावरचा पहिला अन्याय. पहिल्या दिवशी मी किलोचा भाव सांगितला, त्या खाली ओढतील म्हणून चांगला चढवून. बाईंनी कागद घेतला. विचारलं, "यात पेरॉक्साइड किती, पाणी किती?" मी म्हटलं, निम्मं निम्मं, सगळीकडे असंच मिळतं. "मग पाण्याचा भाव वेगळा सांग." मी म्हटलं, पाणी फुकट आहे. "फुकट आहे तर वजनात कशाला?" मी म्हटलं, मॅडम, पाण्याशिवाय ते आणता येत नाही, पेट घेईल. बाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, "म्हणजे पाणी हे पॅकिंग झालं. तसं लिही." आणि मी सांगितलेला भाव जसाच्या तसा मान्य करून खाली मान घालून कामाला लागल्या. मी गेटबाहेर येऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. इतका अपमान माझा कोणी केला नव्हता.

मालाची तपासणी मात्र त्या दर खेपेला करायच्या. त्यांचा हिशोब सोपा होता, मला नापासालाही कळला. पेरॉक्साइडमध्ये हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन दोन. पाण्यात हायड्रोजन दोन आणि ऑक्सिजन एक. पाण्याचा रेणू हलका, म्हणून वजनाने निम्म्या-निम्म्या माझ्या मालात पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे दोन रेणू पडतात. सगळे मिळून हायड्रोजन सहा, ऑक्सिजन चार. "सहास चार," बाई म्हणायच्या. परमँगनेटच्या जांभळ्या थेंबांनी तपासायच्या, शेवटचा थेंब गुलाबी राहिला की आकडा मोजायच्या आणि वहीत टक्केवारीच्या शेजारी पेन्सिलने लिहायच्या: सहास चार. चार वर्षं माझ्या नावापुढे दुसरा आकडा पडला नाही. गेटवरचा रखवालदारसुद्धा मला बघून म्हणायचा, "आले सहास चार."

तर त्या मे महिन्यात मी सहा कॅन घेऊन गेलो. तीस तीस किलोचे. बाईंनी नमुना घेतला, आत गेल्या, आणि नेहमीपेक्षा लवकर बाहेर आल्या. हातात वही. त्यांच्या मागे खरेदीवाले साहेब. हे गृहस्थ अंगाला अत्तर लावून रसायनांच्या कारखान्यात यायचे, यावरून काय ते समजा. माझ्याशी भाव करताना ते नेहमी हरायचे, त्यामुळे त्यांचा माझ्यावर जीव होता असं म्हणता येणार नाही.

बाई म्हणाल्या, "आठास पाच."

मी म्हटलं, शक्य नाही. त्या म्हणाल्या, तीनदा केलं. आठास पाच म्हणजे काय ते मला तिथल्या तिथे समजलं. पेरॉक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे दोनऐवजी तीन. म्हणजे माल पातळ. खरेदीवाल्या साहेबांना एवढं गणित येत नव्हतं, पण निष्कर्ष त्यांच्या खिशात तयार होता. ते आवारात उभ्या असलेल्या दहा-बारा माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी मारलंय."

मी आयुष्यात पुष्कळ लबाड्या केल्या आहेत. चढवून भाव सांगितलाय, दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढलंय, आज येतो म्हणून परवा गेलोय. पण मालात पाणी घातलं नाही. फिनेल विकत होतो तेव्हाही नाही. माझ्या बापाने गावात दूध घातलं, म्हशीचं, आणि पाण्यावरून त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नाही. त्यामुळे तो शब्द ऐकल्यावर माझं जे झालं ते झालं. मी म्हटलं, पाणी काय? हे घ्या तुमचं पाणी. आणि पहिल्या कॅनचं झाकण काढून तो गटाराच्या जाळीवर आडवा केला. बाई मोठ्याने म्हणाल्या, "थांब. वजन." मला वाटलं, आता वजनावरून कापणार. मी दुसरा आडवा केला. तिसरा. त्या अहिराणीवर आल्या, "काय करी राहिना तू, येड्या," पण मी सहाही कॅन रिकामे केल्याशिवाय थांबलो नाही. पांढरा फेस गटारातून नाल्यापर्यंत गेला.

मग हात चुरचुरायला लागले. बघतो तर दोन्ही तळवे चुना फासल्यासारखे पांढरे. बाईंनी बागेचा पाइप उचलला आणि माझ्यावर सोडला. पंधरा मिनिटं. मी हलायला लागलो की त्या धार तोंडावर आणायच्या. तेव्हा कळलं नाही, पण कातडी वाचली ती त्यामुळे. पाहणाऱ्यांना मात्र एवढंच दिसलं की पाणी मारल्याचा आरोप असलेला माणूस आवाराच्या मधोमध निथळत उभा आहे. पाणीवाला हे नाव त्याच वेळी पडलं. कोणी पाडलं ते मला माहीत आहे. अत्तराचा वास आला होता.

कपडे पिळता पिळता मी बाईंना विचारलं. सगळ्यांसमोरच विचारलं, कारण मला उत्तर सगळ्यांसमोर हवं होतं. "मॅडम, चार वर्षं माल घेताय. तुम्ही सांगा. मी पाणी घातलं का?"

"वजन कुठंय?" बाई म्हणाल्या.

"वजनाचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते माझ्या घरी. इथं आकडा लागतो. आकडा तू गटारात ओतलास."

एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या संध्याकाळी माझं नाव पुरवठादारांच्या यादीतून कापलं गेलं. आठ दिवसांत सातपूरपासून अंबडपर्यंत कोणत्याही गेटवर गेलो की रखवालदार आत ओरडायचा, पाणीवाले आलेत. दोघांनी ऑर्डर थांबवली. एकाने तर माल घेतला आणि वर विचारलं, बर्फ पण देता का? त्याच्याशी झालेल्या बोलण्याचा वृत्तांत इथे देण्यासारखा नाही.

माझा राग खरेदीवाल्यावर कमी आणि बाईंवर जास्त होता. तो माणूस मला ओळखत नव्हता. बाई ओळखत होत्या. एक शब्द बोलल्या असत्या तर काय झालं असतं? त्यांचा शब्द त्या आवारात कोणी खोडून काढला नसता.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, बाई स्कूटरवरून माझ्या गोदामावर आल्या. पुढे पायाजवळ पाण्याच्या बाटल्यांचं खोकं. डिकीतून काचेची नळी, स्टँड आणि परमँगनेटची बाटली काढली. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "त्या मालातलं काही शिल्लक आहे का? असेल तर दाखव आणि हात लावू नको. तुझे हात फार बोलतात."

दोन कॅन शिल्लक होते, सील न उघडलेले. शेजारच्या भंगारवाल्याकडून मी वजनकाटा आणला. बाईंनी काट्यावर विश्वास ठेवला नाही. घरी मापून भरून आणलेल्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या आणि तेवढ्याच रिकाम्या बाटल्या त्यांनी आळीपाळीने काट्यावर ठेवल्या. काटा शंभर ग्रॅम जास्त दाखवत होता. भंगारवाला म्हणाला, मॅडम, एवढं चालतं. बाई म्हणाल्या, तुझं चालतं. मग त्यांनी रिकामा कॅन तोलला, भरलेला तोलला, वजाबाकी केली, काट्याची चूक वळती केली. तीस किलोच्या जागी अठ्ठावीस. दुसऱ्या कॅनलाही तसंच. नंतर माझ्या टेबलावर स्टँड मांडून तपासणी केली, माझ्या कॅलेंडरवर जांभळे डाग पाडले. आठास पाच.

"बस," त्या म्हणाल्या, आणि मला बसवून समजावलं. आठास पाच व्हायला दोन रस्ते आहेत. एक, वरून पाणी घालणं. दुसरा, आतला ऑक्सिजन पळून जाणं. पेरॉक्साइडने एक ऑक्सिजन सोडला की मागे पाणीच उरतं. दोन्ही रस्त्यांनी आकडा एकच येतो. पण पाणी घालणारा माणूस कॅन तीस किलोपर्यंत भरतो. ऑक्सिजन पळाला तर कॅन हलका होतो. झाकणाला बारीक भोक असतंच, नाहीतर कॅन फुगून फुटेल. त्यातून तो गेला.

मला रडू आलं असतं, पण मी रडत नाही. मी म्हटलं, म्हणजे मी पाणी घातलं नाही. त्या म्हणाल्या, नाही. पण ऑक्सिजन का पळाला? आणि उठून गोदामभर फिरायला लागल्या. फिरता फिरता मोठ्या ड्रमपाशी थांबल्या. ड्रममधून कॅनमध्ये माल काढायला मी तीन आठवड्यांपूर्वी तोटी लावली होती. पितळेची. जुन्या बाजारातली, भक्कम. प्लॅस्टिकच्या खास तोटीला दुकानदार जो भाव सांगत होता त्याच्या पाव भावात मी ही मिळवली होती आणि वर वॉशर फुकट घेतला होता. मी हे बाईंना अभिमानाने सांगितलंसुद्धा.

बाईंनी ती तोटी काढून मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली. "पितळेत तांबं असतं. तांब्याचा अंश लागला की पेरॉक्साइड ऑक्सिजन सोडायला लागतं. कॅन कोमट लागत नव्हते?" मी म्हटलं, लागत होते, पण मे महिना, वर पत्रा, मला वाटलं उन्हाने. "तीन आठवडे तू अख्ख्या अंबडला ऑक्सिजन वाटत होतास," बाई म्हणाल्या. "फुकट."

त्यांनी मुद्दाम तो शब्द वापरला. मला माहीत आहे.

मग बाईंनी कागद मागितला, वर वजनांचे आणि तपासणीचे आकडे लिहिले आणि खाली दोन वाक्यं. सही केली. मी वाचलं. पहिलं वाक्य: पुरवठादाराने मालात पाणी घातलेले नाही. इथवर सोन्यासारखं. दुसरं वाक्य: पितळेच्या तोटीतून माल काढून पुरवठादाराने तो स्वतःच खराब केला असून, हे त्याच्या अज्ञानामुळे घडले आहे.

मी म्हटलं, मॅडम, पहिल्या वाक्यात काम झालंय. दुसरं काढा.

"पाणी घातलं नाही तर आकडा का बदलला, असं विचारतील."

मी म्हटलं, उन्हामुळे, मी सांगेन. त्या म्हणाल्या, खोटं. मी थोडा खाली आलो. म्हटलं, तोटी राहू द्या, फक्त अज्ञानामुळे हा शब्द काढा.

"मग काय लिहू? जाणूनबुजून?"

"नजरचुकीने लिहा."

"नजर चुकली नव्हती. नजर तोटीच्या भावावर होती."

मी अर्धा तास घासाघीस केली. चहा पाजला. असावधपणे चालेल का विचारलं, अनवधानाने विचारलं, एकदा तर अज्ञानाच्या जागी अनुभवाचा अभाव इथपर्यंत आलो. बाई ढिम्म. शेवटी म्हणाल्या, "पाण्यातला एक हायड्रोजन काढला तर थोडं कमी पाणी उरत नाही. ते पाणीच राहत नाही. कागदाचंही तसंच. घ्यायचा तर पूर्ण घे." मला राग आला. मी म्हटलं, मग नको तुमचा कागद. बाईंनी कागद टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर ती तोटी ठेवली, भंगारवाल्याला त्याचा काटा दुरुस्त करायला सांगितलं आणि स्कूटरला किक मारली.

तो कागद मी सहा वर्षं कपाटात ठेवला. कोणालाही दाखवला नाही. नोकरदार वाचकाला हे विचित्र वाटेल. निर्दोष ठरवणारा कागद हातात असताना माणूस गप्प का बसतो? त्याने कधी बाजारात उभं राहून पाहावं. लबाड माणसाशी लोक जपून वागतात, पण व्यवहार करतात. त्याला निदान काहीतरी कळतं असं धरून चालतात. मूर्ख आहे असं कळलं तर सगळे कापायलाच येतात. ज्या माणसाने पाव भावात तोटी घेऊन अख्खा माल घालवला, त्याचं भाव करण्यातलं कौशल्य कोण मानणार? माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती. बायको म्हणायची, दाखवा की कागद, मूर्ख तर तुम्ही आहातच, त्यात लपवायचं काय? तिचं माहेर निफाडचं, तिकडे असंच बोलतात.

म्हणून मी पाणीवाला राहिलो. सिन्नरकडे नवी गिऱ्हाइकं केली, मालेगावला केली. नाव माझ्या आधी पोचलेलं असायचं. प्रत्येक ठिकाणी भांडून जागा केली. आणि प्रत्येक भांडणानंतर बाईंना मनात चार शिव्या दिल्या. एक शब्द. अज्ञानामुळे, एवढा एक शब्द त्यांनी कागदातून गाळला असता तर.

गेल्या वर्षी कळलं की बाई निवृत्त होतायत, कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम आहे. मला बोलावणं नव्हतं. पण मी हिशेब केला. बाई एकदा नामपूरला निघून गेल्या की त्या सहीमागे माणूस उरणार नाही. नुसता जुना कागद. काय करायचं ते त्या समोर बसल्या असतानाच करायला हवं होतं. मी कागद काढला आणि दुसरं वाक्य मागे जाईल अशी व्यवस्थित घडी घातली. बेत साधा होता. दोन शब्द गौरवाचे, पहिलं वाक्य वाचायचं, खाली बसायचं. भर सभेत, निरोपाच्या दिवशी, बाई काय उठून भांडणार होत्या?

कँटीन भरलं होतं. खरेदीवाले साहेब पहिल्या रांगेत, अत्तरासह. बाई शालीखाली दबून बसल्या होत्या आणि नारळ कानाशी हलवून त्यातल्या पाण्याचा अंदाज घेत होत्या. मी माइकसमोर गेलो. मागून कोणीतरी पाणीवाले म्हणालं, दोघे-तिघे हसले. मी गौरवाचे दोन शब्द विसरलो आणि एकदम कागदच वाचला. पुरवठादाराने मालात पाणी घातलेले नाही. खाली कोणाची सही आहे तेही सांगितलं.

हसणारे थांबले. मला ते फार गोड लागलं. मग साहेब जागेवरूनच म्हणाले, "मग आकडा का बदलला होता?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांनी नारळ मांडीवर ठेवला आणि त्या नुसत्या बघत राहिल्या, नळीतल्या शेवटच्या थेंबाकडे बघतात तशा. मी ऊन म्हणणार होतो. तोंडात आलं होतं. त्या थोड्या पुढे वाकल्या, एवढंच.

मी घडी उघडली आणि दुसरं वाक्य वाचलं. सगळं. तोटी, पितळ, अज्ञान. एकही शब्द गाळला नाही.

कँटीन जे हसलं ते मी सांगत नाही. भांडीवाल्या बायका आतून बाहेर येऊन विचारायला लागल्या, काय झालं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रुमाल काढत ते बाईंकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, म्हणजे खरंच पाणी नव्हतं?"

बाई उठल्या. शाल घसरली, ती त्यांनी उचलली नाही. माझ्या हातातला माइक घेतला. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात त्या तेवढंच बोलल्या, नंतर कितीही आग्रह झाला तरी बोलल्या नाहीत.

"पानी नव्हतं," त्या म्हणाल्या. "येडा व्हता."

आणि हसल्या.

माझी तक्रार संपलेली नाही. त्या मे महिन्यात आवारात यातले पहिले दोन शब्द बोलायला काय झालं होतं, हे मी त्यांना फोन करून अजून विचारतो. त्या अजून म्हणतात, वजन कुठं होतं? पण त्या दिवसानंतर सातपूर-अंबडमधून पाणीवाला हे नाव गेलं. आता गेटवर गेलो की रखवालदार आत ओरडतो, तोटीवाले आलेत. हे नावही मला पसंत नाही. पण त्यावरून मी अजून कोणाशी भांडलो नाही. ते नाव खरं आहे.